नागभीडवालीचं नाव

बांधीत, म्हणजे भातखाचरात, कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या की दोन दिवस एक ओला वास असतो. तिसऱ्या दिवशी ऊन त्याला खाऊन टाकतं. मग उरतो तो तणसाचा कोरडा वास, आणि तो काय, बारा महिने गोठ्यात असतोच. पहिल्या दोन दिवसांचा वास मात्र वर्षातून एकदाच येतो. त्यासाठी मी अजूनही काठी टेकत शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसतो. कापणारे आता दुसरे आहेत. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं आहे. बटईवाल्याची बायको लांबून म्हणते, "बाबाजी, उन्हात नोका बसू जी, घरी जा." मी ऐकत नाही. घरी जाऊन काय करायचं? चूल आहे, ती मीच पेटवतो. मुलगा बल्लारपूरला असतो, ये म्हणतो. मी जात नाही. इथं बसलं की एक हंगाम आठवतो आणि त्या हंगामात मी बोललेलं एक खोटं. एका माणसानं मला माझ्या मायचं नाव विचारलं होतं. मी भलतंच सांगितलं.

छप्पनला तीस वर्षं व्हायला आली होती तेव्हाची गोष्ट. छप्पन म्हटलं की आमच्या वस्तीत पुढचं सांगावं लागत नाही, पण वाचणारे साऱ्याच घरचे असतील म्हणून सांगतो. त्या साली आम्ही जुना धर्म टाकला आणि बौद्ध झालो. मी दीक्षेला चांद्याला पायी गेलो होतो, उसना पांढरा सदरा घालून. येताना पाय सुजले होते आणि मान सरळ झाली होती. पायांची सूज उतरली. मान तशीच आहे, लोक तिला ताठा म्हणतात.

तर त्या वर्षी कापणीच्या तोंडावर एक गोरा माणूस सायकलवर आमच्या वस्तीत आला. अमेरिकेतला, कुठल्या तरी विद्यापीठात शिकवणारा. सिंदेवाहीला खोली घेऊन राहत होता. धर्म बदललेली माणसं तीस वर्षांनी कशी जगतात, काय धरतात, काय सोडतात, त्यावर त्याला पुस्तक लिहायचं होतं. उन्हातही गळ्याला टाय. नाव हॅरल्ड. माझ्या बायकोनं, शेवंतानं, ते एकदा ऐकलं आणि हरलाल करून टाकलं. मग सारं गावच हरलाल म्हणायला लागलं आणि त्यालाही ते आवडलं.

मराठी तो शिकून आला होता, पण पुस्तकातली. पहिल्याच दिवशी शेवंताकडे पाहून म्हणाला, "आपण कसे आहात?" शेवंता मला म्हणाली, "आपन मंजे कोन कोन? कोनाले विचारून राह्यला हा?" म्हणून त्याच्याबरोबर बोरकर गुरुजी येत. आमच्या गावच्या शाळेतले, निवृत्त झालेले. आम्ही बोलायचो मराठी, त्याला कळायची मराठी, आणि मध्ये बसून गुरुजी मराठीची मराठी करून सांगायचे.

शेवंतानं चहा टाकला. फळीवरची कपबशी काढली, पदरानं पुसली. त्या माणसानं कप पाहिला, हात जोडले आणि म्हणाला, "चहा नको. क्षमा करा."

माझ्या घरचा चहा नाकारणारा तो पहिला नव्हता. कोणी म्हणायचं आताच घेऊन आलो, कोणी म्हणायचं पित्त आहे, मतं मागायला आलेला एक जण कप ओठाला लावून तसाच खाली ठेवून गेला होता. ती सारी पित्तं मी ओळखून होतो. माझा एक नियम होता: चहा न घेणाऱ्याशी बोलायचं नाही. मी उभा राहिलो.

"गुरुजी, यायले उठवा. सात समुद्रापलीकून येऊनबी हेच शिकले का हे?"

"कवडूभाऊ, खाली बसा. हा मानूस कोनाच्याच घरी चाय पेत नाई."

"पाटलाच्या घरी?"

"पाटलाच्या घरीबी नाई. पाटीलबी तुमच्यावानीच फुगून बसला. त्याले वाटते, गोऱ्यानं आपल्याले हलकं समजलं."

पाटलाला असं वाटलं हे ऐकून मला जे हसू आलं ते मला आवरेना. गुरुजी हसले, शेवंता तोंडावर पदर धरून हसली. हरलालला काही समजलं नाही, पण तोही हसला. मग त्यानं पाणी मागितलं. आमच्याच गुंडातलं पाणी, आमच्याच लोट्यानं, लोट्याला ओठ लावून प्याला. आणखी मागितलं. शेवंता म्हणाली, "चाय नाई, त पेज पेते का विचारा." तांदळाची गरम पेज तो ताटलीभर प्याला. तेव्हापासून आमच्या घरी त्याची ताटली ठरून गेली.

त्याचा धर्म मॉर्मन. हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. गुरुजींनीही नव्हतं. ख्रिस्ताला मानणारा, पण ख्रिश्चनांतलेही बरेच लोक त्याला आपला म्हणत नाहीत, असं तो स्वतःच सांगे. चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही, विडी नाही. त्याच्या पणज्याचे लोक या नव्या धर्मापायी एका गावातून हाकलले गेले, मग दुसऱ्या गावातून, शेवटी हातगाड्या ओढत शेकडो कोस चालत डोंगरापलीकडे जाऊन राहिले. वाटेत थंडीत पोरं मेली, तिथंच पुरली आणि पुढं निघाले.

मी विचारलं, "गोऱ्यायले गोऱ्यायनंच हाकललं?"

"होय," तो म्हणाला.

"जात कोनती होती त्यायची?"

गुरुजींनी ते त्याला समजावून सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "जात नव्हती. धर्म नवा होता."

हे बोलणं बांधीतच चाललं होतं. मी विळा घेऊन कापायला लागलो. तोही विळा घेऊन माझ्या ओळीला लागला. धान मुठीत कसं धरतात ते त्याला शेवटपर्यंत आलं नाही. चौथ्या मुठीला बोट कापून घेतलं. बाया म्हणाल्या, "हरलालभाऊ, तुमी लिवा जी, कापू नोका."

एका रविवारी सकाळी मी नव्या धानाचे पोहे घेऊन सिंदेवाहीला त्याच्या खोलीवर गेलो. दार लोटलेलं होतं. आत तो एकटाच जमिनीवर बसून गाणं म्हणत होता, हळू, एका सुरात. पुढ्यात एका ताटलीत पावाचा तुकडा आणि एक पेला पाणी. मी दारातच थांबलो. त्यांच्याकडे रविवारी सारी मंडळी एका ठिकाणी बसतात, पाव मोडतात, तो आणि पाणी हातोहात पुढं देतात, हे त्यानं मला मागे सांगितलं होतं. इथं पुढं द्यायला कोणी नव्हतं. त्यानं पाव मोडला, स्वतःच घेतला, पाणी प्याला, आणि पेला बाजूला ठेवताना त्याचा हात क्षणभर डावीकडे गेला, तिथं कोणी बसलं असावं तसा. साऱ्या चांदा-गडचिरोलीत त्याच्या धर्माचा तो एकटा माणूस. मी पोहे उंबऱ्यावर ठेवले आणि न बोलता परत आलो. तेव्हा मला त्याची दया आली होती. माझ्याकडे तेव्हा शेवंता होती, म्हणून दया करायला मी मोकळा होतो.

आता ती गोष्ट.

कापणी झाली होती. धानाचे पुंजणे रचून झाले होते, एका पुंजण्याचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होती. दुपारी खळ्यावर सावलीला बसलो होतो. मी, गुरुजी, हरलाल, आणि थोडं बाजूला शेवंता सुपानं पाखडत होती. चारपाच बाया होत्या. मी हरलालला विचारलं, "तुमच्यात सारे सारखे का जी? काळा, गोरा?"

त्याला गुळगुळीत बोलून सुटता आलं असतं. आमच्यातल्या कोणी विद्वानानं तेच केलं असतं. तो म्हणाला, "नव्हते. काही वर्षांपूर्वीपर्यंत काळ्या माणसाला आमच्यात पुरोहित होता येत नव्हतं. देवळाच्या आतल्या जागी जाता येत नव्हतं. आता येतं. पण इतकी वर्षं का नव्हतं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. मी शोधतो."

माझ्या मनात तो माणूस त्या वेळी मोठा झाला. आणि त्यानंतर पावच तासात मी त्याच्याशी खोटं बोललो. म्हणून ते जास्त टोचतं.

त्यानं एक मोठा कागद पसरला. झाडासारखा आखलेला, फांदीफांदीला चौकट. खाली माझं नाव. कवडू. हे नाव कसं पडलं ते त्यानं विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं. माझ्या आधीची दोन पोरं राहिली नाहीत, म्हणून मायनं मला एका कवडीला शेजारणीला विकलं आणि मग मागून घेतलं. विकलेलं पोर मरत नाही म्हणून. त्यानं ते सारं लिहून घेतलं. बापाचं नाव, डोमा. आज्याचं, फागू. आज्याच्या बापाचंही सांगितलं. मग त्याची पेन्सिल बाजूच्या चौकटीवर आली.

"आई?"

"नागभीडवाली," मी म्हणालो.

तो लिहायला लागला. गुरुजींनी त्याचा हात थांबवला. "हे त गावाचं नाव झालं, कवडूभाऊ. बाईचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि त्यात काहीच नव्हतं.

माय गेली तेव्हा मी चारपाच वर्षांचा. तिच्या हातावरचं गोंदण आठवतं, चेहरा नाही. आमच्यात सून आली की तिला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारायची. आजी तिला नागभीडवाली म्हणायची. बाप म्हणायचा, "अवो." बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. गाव म्हणायचं डोमाची बायको, आणि मी झाल्यावर कवडूची माय. बाप गेला तोवर मी बाप्या माणूस झालो होतो, त्याच्याजवळ रात्रंदिवस बसलो, पण विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आमच्या बांध्यांना नावं होती, मोहाची, खोलगटातली, भुताची. बैलांच्या चार पिढ्यांची नावं मी आजही सांगू शकतो.

बाया पाखडायच्या थांबल्या होत्या. गुरुजी वाट पाहत होते. त्यांना त्यांच्या आईचं नाव माहीत होतं, आजीचंही असेल. माहीत नाही एवढंच मला म्हणायचं होतं. ते माझ्या मानेला जमलं नाही.

"महामाया," मी म्हणालो.

बुद्धाच्या मायचं नाव. वस्तीतल्या विहारात भिंतीवर लिहिलेलं होतं, तेच डोळ्यापुढं आलं.

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "महामाया? त्या काळी? आपल्या गावात?"

"काऊन? आमच्या बायायची नावं मोठी राहू नाई का?"

हरलाल मान खाली घालून लिहीत होता. बुद्धाचं सारं वाचून आलेला माणूस, त्याला समजलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यानं एकेक अक्षर नीट काढलं आणि लिहून झाल्यावर ते नाव एकदा उच्चारलं, आदरानं. सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. शेवंतानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती न पाहण्यानं बोलायची.

परत अमेरिकेला जायच्या आधी त्यानं मला आणखी एक गोष्ट विचारली. त्यांच्या धर्मात मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस देवळातल्या पाण्यात उभा राहतो. बाईसाठी बाई. मेलेल्याचं नाव घेऊन त्या जिवंत माणसाला बुडवतात, बाहेर काढतात. मग त्या मेलेल्याला त्या जगात विचारलं जातं, येतोस का आमच्यात? तो हो म्हणेल, नाही म्हणेल, त्याची मर्जी. सारी नावं ते एका डोंगराच्या पोटात जपून ठेवतात. हे खरं तर आपापल्या घरच्या माणसांसाठी करायचं असतं, परक्याच्या मायचं नाव विचारल्याशिवाय घेऊ नये, म्हणून तो विचारत होता.

गुरुजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाई मना, कवडूभाऊ. एका धर्मातून निंगता निंगता तुमची जिंदगी गेली."

मला आतून गंमत वाटत होती. बुडवणार कोणाला, महामायेला? ती माझी माय नव्हेच. माझी माय या साऱ्यांच्या हातून सुटलेली. मी उदार होऊन म्हणालो, "बुडवा जी. आपली काई हरकत नाई."

हरलालचे डोळे भरून आले. म्हणाला, "माझी आई उभी राहील, तुमच्या आईसाठी."

घरी आल्यावर मी शेवंताला सांगितलं, पाहा कसा फसवला. ती म्हणाली, "त्याले कुठी फसवलं? सोताले फसवलं." मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो.

पुढच्या वर्षी, धान पोटरीत असताना, त्याचं पत्र आलं. त्याच्या हातचं, मराठीत, अक्षर शाळेतल्या पोरासारखं. गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. त्याच्या आईचं वय पंचाहत्तर. गुडघे दुखतात. तरी ती पांढरे कपडे घालून पाण्यात उतरली. महामायेचं नाव घेतलं तेव्हा तिला रडू आलं. बाहेर आल्यावर तिनं मुलाला विचारलं, ती कशी होती रे? मुलगा म्हणाला, तिनं मुलगा वाचवायला त्याला एका कवडीला विकला होता. तर तुम्हाला तुमच्या आईबद्दल आणखी काही आठवत असेल तर लिहा, आई वाट पाहते आहे.

गुरुजींनी पत्राची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

शेवंता म्हणाली, "बिचारीले काऊन ओलं केलं जी तुमी?"

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तिच्या म्हाताऱ्या गुडघ्यांचा विचार यायचा आणि मी तो झटकायचो. पुढच्या उन्हाळ्यात शेवंता गेली. तीन दिवसांचा ताप. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी विहारात सारे बसले होते, एका मुलानं वहीत नोंद करायला विचारलं, बाबाजी, आजीचं पूर्ण नाव? मी ताडकन सांगितलं, बापाच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. सांगून मी तोंड फिरवलं. लोकांना वाटलं बायकोसाठी. तसं ते होतंच. पण दुसऱ्या एका बाईसाठीही होतं. ती गेली तेव्हा कोणी काय विचारलं असेल, आणि काय सांगितलं असेल कोणी.

मग दोन महिने मी घरात एकटा. घरात कोणी नाव घेणारं नसलं की नाव म्हणजे काय ते समजायला लागतं. "कवडूभाऊ" म्हणणारे गुरुजी होते, रस्त्यात भेटले तर. "अजी" म्हणणारी नव्हती. एका सकाळी उठलो आणि छोट्या लाइनीच्या गाडीनं नागभीडला गेलो.

तिथल्या आमच्या वस्तीत विचारत फिरलो. शेवटी एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी दाखवली. गिरजाबाई, दोन्ही डोळे गेलेली, नव्वदीला टेकलेली.

"कोन व्हय?" तिनं विचारलं.

"मी नागभीडवालीचा पोरगा."

म्हातारी दात नसलेलं हसली. "इथी साऱ्याच नागभीडवाल्या हायेत, बापा. कोन्या गावी देल्ली होती, ते सांग."

मी गाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. म्हातारीचे हात पुढं आले, माझं तोंड चाचपलं, कान चाचपले. मग तिनं नाव घेतलं. सरळ, कालच भेटल्यासारखं. "तिचा का तू? ते माह्या काकाची पोरगी. शुक्करवारी झाली, मनून तेच नाव ठेवलं. तुले मालूम नोयतं?"

"नोयतं."

"आता काय करशीन त्या नावाचं?"

मी म्हणालो, "काई नाई." म्हातारीनं चहा करायला लावला. तो मी प्यालो. तिला आणखी काय आठवतं ते विचारलं. झाडावर चढायची, म्हणाली. बस, एवढंच.

गाडीत बसून मी हिशेब लावत होतो की आता काय सापडलं. साल नाही, महिना नाही. वार सापडला. माझी माय शुक्रवारी जन्मली होती.

घरी येऊन मी हरलालला पत्र लिहिलं. गुरुजींना सांगितलं नाही. माझ्या हातानं लिहिलं, चार दिवस लागले. लिहिलं की महामाया खोडा, ती माझी माय नाही, मी खोटं बोललो, कारण मला नाव माहीत नव्हतं आणि माहीत नाही म्हणता आलं नाही. तुमच्या आईला सांगा, पाण्यात उतरण्याचे कष्ट माझ्यापायी फुकट गेले, त्याची मी माफी मागतो. माफी हा शब्द मी तोवर कागदावर लिहिला नव्हता, त्याची वेलांटी चुकली. खरं नाव आता सापडलं आहे, असंही लिहिलं. पण ते देत नाही. मागच्या वेळी मी तिला न विचारता हो म्हणालो होतो. तिला हयातीत कोणी काही विचारलं नाही, कुठं देऊ, काय हाक मारू, काहीच नाही. आता तरी विचारल्याशिवाय तिला कुठं पाठवणार नाही. आणि विचारायला ती नाही.

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि त्या म्हातारीला कसं सांगावं हे त्याला समजत नसेल. मी त्याला दोष देत नाही. गिरजाबाई त्याच थंडीत गेली, असं मागाहून ऐकलं.

म्हणजे ते नाव आता माझ्या एकट्याकडे आहे. मुलाला फोनवर सांगायचं म्हटलं, तर बल्लारपूरला शेजारच्या दुकानात त्याला बोलावून आणावं लागतं, लोक उभे असतात, तिथं ते कसं सांगणार? आणि सांगितलं तरी तो म्हणेल, बरं बाबा, तब्येत कशी आहे. मी गेलो की ते जाईल. डोंगराच्या पोटात महामाया राहील, जिनं मला जन्म दिला नाही, आणि जिनं दिला ती कुठंच लिहिलेली राहणार नाही. असं चार हंगाम मनात घोळतं आहे.

म्हणून शेवटी इथं लिहितो. इथं लिहिल्यानं कोणी पाण्यात उभं राहणार नाही. तिला कोणी कुठं बोलावणार नाही. कोणी तरी वाचेल, वाचताना मनातल्या मनात उच्चारेल, आणि पुढच्या ओळीवर जाईल. तिला कुठं न्यायचं नाही. तेवढं उच्चारलं की झालं.

सुकरी.